ज्याचा बर्फ, त्यानं घसरायचं

आधीच सांगून ठेवतो, मला फावडं म्हणायचं नाही. फावडं खांद्यावर टाकून मिरवता येतं. मला दोन्ही हातांनी धरून, पोटाचा जोर लावून ढकलावं लागतं. पत्र्याचं एक भलंमोठं सूप डोळ्यांपुढे आणा, इतकं मोठं की त्यात सात-आठ वर्षांचं मूल मांडी घालून बसेल. त्याला मागून बाबागाडीला असते तशी वाकवलेली लोखंडी नळी. रंग लाल. चाकं नाहीत, इंजिन नाही, डिझेल लागत नाही, तरी जपानातल्या यामागाताच्या या डोंगराळ मुलखात सगळे मला डंपर म्हणतात. पूर्ण नाव ‘आईचा डंपर’.

आईचा का, ते ऐका. इथले बापे भातकापणी झाली की शहरात बांधकामावर जातात ते बर्फ वितळल्यावरच परततात. दारात पुरुषभर बर्फ साचतो, तो उपसायला मागे उरतात त्या आया. एका आईला एकटीनं एका खेपेत भरपूर बर्फ नेता यावा, म्हणून मला घडवलं. मी बायकांचं हत्यार आहे आणि त्याची मला लाज नाही, उलट माज आहे.

माझा जन्म एका लहानशा पत्रेवाल्याच्या कारखान्यात झाला. कापलं, वाकवलं, ठोकलं, नळीला दोन ठिकाणी वेल्डिंगचे टाके घातले, रंग फासला आणि दुकानाबाहेर टांगलं. शिगे काकिझाकी नावाची एक ठेंगणी, खणखणीत बाई आली. तिनं मला खाली उतरवलं, पालथं घातलं आणि पोटावर मूठ आपटली. “आवाज बरा आहे,” ती म्हणाली आणि मला घेऊन गेली. त्याला आता सव्वीस हिवाळे झाले.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पोटावर मेणबत्ती घासली. मेण लावलं की बर्फ चिकटत नाही, सुळकन सुटतो. तेव्हापासून दर आठवड्याला मला मेण मिळतं. माणसं एकमेकांना इतकी जपताना मी पाहिलेली नाहीत.

बर्फ उपसता उपसता माणसं कळतात. इथली माणसं फार अदबीची. दिसलं की कमरेत वाकतात, “आज फार पडला हो” म्हणतात, मुळ्याचं लोणचं एकमेकांकडे पोचवतात. आणि शेजारी आत गेला की आपल्या दारातला बर्फ हळूच वीतभर त्याच्या हद्दीत सरकवतात. बर्फाला पाय नसतात, तरी तो कुंपण कसा ओलांडतो हे मला विचारा. नावं मात्र सांगणार नाही. एक पुढे फुटेल, पण ते मी नाही सांगणार.

आमच्या गल्लीत पाच घरं. सहावं हात्सुए आजींचं होतं. त्या मुलाकडे योकोहामाला गेल्या आणि घर पाडलं, तेव्हा तिथे मोकळी जागा राहिली, एका कडेला चेरीचं एक झाड. दर हिवाळ्यात पाचही घरं तिथे बर्फ आणून टाकायची, तुडवायची, पाणी शिंपडायची. दोन आठवड्यांत उंच घसरगुंडी तयार व्हायची. तिला सगळे टेकडी म्हणायचे. एके काळी गल्लीत अकरा पोरं होती. सकाळी मी बर्फ ओढायचो, दुपारी पोरं मला ओढत वर न्यायची. माझ्यात बसून खाली येताना पोरं जशी किंचाळायची, तशी कुठल्या गाडीत बसून किंचाळत असतील असं मला वाटत नाही.

मग गल्लीतून बर्फाचा पाट आला. रस्त्याखालून नदीचं पाणी खेळवलंय आणि प्रत्येक घरापुढे लोखंडी जाळीचं झाकण आहे. झाकण उघडायचं, बर्फ ढकलायचा, पाणी तो वाहून नेतं. मात्र पाणी पाळीनं. आमच्या गल्लीची पाळी सकाळी सात ते आठ. त्या एका तासात सगळी गल्ली अंगात आल्यासारखी राबते. सोय झाली, कबूल. पण तेव्हापासून टेकडी दरवर्षी थोडी बुटकी होत गेली.

पोरंही मोठी झाली, शहरांत गेली. शिगेचा मुलगा तेवढा राहिला, तोही थंडीभर सेंदाईला बांधकामावर. घरात शिगे, तिची सून मिसुझु आणि आठ वर्षांची नात फुकिनो. शिगेची कंबर गेली, तशी माझी नळी मिसुझुच्या हातात आली. मिसुझु वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. बोलते कमी. पण ढकलते जोरात.

या जानेवारीत, एका सोमवारी, पाळीची वाट बघत सगळे झाकणांपाशी उभे होते. तेव्हा ओकियामांनी घसा खाकरला. हे गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, वय चौऱ्याहत्तर, कानटोपी कायम भुवयांपर्यंत ओढलेली.

“यंदा टेकडी नाही,” ते म्हणाले. “बर्फ सगळा पाटात. पाट काय शोभेला बांधलाय? गेल्या वर्षी एक पोर घसरत थेट रस्त्यावर आलं. काही झालं असतं तर कोणाच्या गळ्यात आलं असतं? माझ्या!”

“पण अध्यक्ष, पोरांना...” मिसुझु म्हणाली.

“कुठली पोरं? मोज बघू.” त्यांनी एक बोट वर केलं. “ही एवढी. एका पोरीसाठी डोंगर रचायचा? आमच्या कंबरा बघ, वयं बघ!”

मिसुझुनं समोरच्या तोशिमा नवरा-बायकोकडे पाहिलं. ते दोघं आपल्या बुटांकडे बघत होते. ही इथली खास सवय. ‘नाही’ म्हणायचं नसतं आणि ‘हो’ म्हणायची छाती नसते, तेव्हा माणसं बूट बघतात.

मिसुझु वाद घालत बसली नाही. तिनं मला बर्फात असं खुपसलं की माझी कड खालच्या दगडावर खणकन आपटली. मला राग आला, पण तिचा नाही. एक मूल म्हणजे मूल नाही का? एका माणसासाठी रस्ता झाडतात, एका म्हातारीसाठी बस थांबवतात, मग एका पोरीसाठी टेकडी का नाही?

दुपारी मी दारातल्या ओसरीत भिंतीला टेकून निथळत होतो. आत फुकिनो शाळेतून आली.

“आई, रविवारी सात जण येणारेत.”

“कोण सात जण?”

“आमचा अख्खा वर्ग. घसरायला. मी सांगितलंय, आमच्या गल्लीत शाळेच्या छपराएवढी टेकडी असते.”

“छपराएवढी?” आतून शिगेचा आवाज. “कधी होती गं छपराएवढी?”

“मग केवढी होती?”

“तुझ्या बापाच्या डोक्याएवढी. आणि तो तेव्हा सात वर्षांचा होता.”

मिसुझु म्हणाली, “उद्या सांग त्यांना, यंदा टेकडी नाही.”

“नाही सांगणार! मी काय खोटारडी आहे?” आत दप्तर आपटल्याचा आवाज आला. “केन्योशी म्हणतो, तुमच्या गल्लीत नुसती म्हातारी राहतात, तिथे कसली टेकडी. म्हणूनच बोलले मी. आता गेले आणि नाही म्हटलं तर तो जन्मभर चिडवेल.”

मग शिगे म्हणाली, “टेकडी झाली नाही तर पोरगी खोटारडी. झाली तर नाही. सोमवार अजून पुरता सरलेला नाहीये, सूनबाई.”

मिसुझुनं योकोहामाला फोन लावला. हात्सुए आजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या इतक्या मोठ्यानं बोलतात की मला ओसरीतही सगळं ऐकू आलं.

“घाल की टेकडी! घर पाडलंय, आता जागेला काय धाड भरलीय? फक्त माझ्या चेरीला धक्का लागला तर तिथे येऊन टेकडी लाथेनं पाडीन. आणि हे बघ, परवानगी तुला दिलीय, गल्लीला नाही. त्या ओकियामाला तर मुळीच नाही. तीस वर्षं तो माझ्या हद्दीत बर्फ लोटत होता. मला आपलं वाटायचं, वाऱ्यानं येतो!”

झालं, नाव फुटलं. पण ते मी नाही सांगितलं.

मंगळवारपासून आम्ही दोघांनी सुरुवात केली. सात ते आठ सगळी गल्ली पाटात बर्फ लोटायची आणि आम्ही उलट दिशेनं, मोकळ्या जागेकडे. कामावरून आली की मिसुझु पुन्हा मला धरायची. पण ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो. डंपरभर आणा, तुडवला की पायाखाली मूठभर. त्यातून एकाच अंगणातला बर्फ. गुरुवारपर्यंत ढीग कसाबसा मिसुझुच्या कमरेला लागला. फुकिनो दप्तर टाकून त्याच्यावर उड्या मारायची, पण तिचं वजन ते केवढं!

ओकियामा येऊन उभे राहिले. हात पाठीमागे.

“ही टेकडी म्हणायची की वारूळ?”

“मुंग्या रविवारी यायच्यात, अध्यक्ष,” मिसुझु म्हणाली आणि मला पुढे ढकललं. त्या क्षणी ही बाई मला फार आवडली.

तरी खरं सांगतो, त्या संध्याकाळी तिनं माझी नळी सोडून दिली. ती वारुळाकडे बघत उभी राहिली आणि पुटपुटली, “नाही होणार.” मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तोंड नाही म्हणून मी नुसता पालथा पडून राहिलो.

शुक्रवारी दुपारपासून बर्फ लागला. असा लागला की समोरचं घर दिसेना. शनिवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर बर्फाची भिंत. सात वाजले, पाटाला पाणी आलं आणि सगळी गल्ली तुटून पडली. आम्ही तेवढे आपल्या दिशेला.

ओकियामांच्या छपरावरचा बर्फ रातोरात घसरून अंगणात कोसळला होता. तो साधा बर्फ नव्हे. महिनाभर दबून दबून दगड झालेला, त्याची ढेकळं गाईच्या डोक्याएवढी. झाकणाशेजारी तर पाटीच आहे, अध्यक्षांच्याच वळणदार अक्षरात: ‘ढेकळं फोडूनच टाकावीत.’ ओकियामांनी घड्याळ पाहिलं. आठला दहा कमी. अंगणात डोंगर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला मोजलंच नाही, आणि तीन अख्खी ढेकळं पाटात लोटली.

पाच मिनिटांत पाट तुंबला. झाकणांतून काळं पाणी उसळून वर आलं, रस्त्यावर पसरलं, बर्फात मुरून त्याचा रबडा झाला आणि तो रबडा उताराच्या घरांच्या दारांत शिरला. बायका झाडू घेऊन बाहेर धावल्या. नगरपालिकेचा माणूस आला, वाकून पाहिलं, पाणी बंद केलं.

“सोमवारपर्यंत पाट बंद. कोणी टाकली ही ढेकळं?”

सगळे बूट बघू लागले. ओकियामा सगळ्यांत निरखून.

वरून बर्फ पडतच होता. पाट बंद, अंगणं भरलेली, गाड्या गाडलेल्या, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत टाकायची सोय नाही, कारण आज सगळेच बाहेर उभे. अख्ख्या गल्लीत एकच मोकळी जागा होती. एकेक मान तिकडे वळली. तिथे कमरेएवढं वारूळ होतं आणि त्यापुढे मला टेकून मिसुझु उभी होती.

ओकियामांनी कानटोपी काढली. मी त्यांचं कपाळ सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

“मिसुझु-सान, जरा त्या जागेत...”

“जागा हात्सुए आजींची आहे. परवानगी माझी.”

“म्हणून तर विचारतोय.”

“आणा की. सगळ्यांनी आणा.” मिसुझुचा आवाज शांत होता. “पण नुसता ओतून जायचं नाही, तुडवून बसवायचा. आणि एक अट आहे. ज्याचा बर्फ, त्यानं उद्या घसरायचं.”

“घसरायचं म्हणजे?”

“म्हणजे वर जायचं, बसायचं आणि खाली यायचं.”

“मी? या वयात?”

“तुमच्या छपरावरचा बर्फ घसरला रात्री. त्याला जमलं, तुम्हाला काय झालं?”

तोशिमाबाई खुदकन हसल्या. तेवढ्यात आमच्या घराची खिडकी उघडली आणि शिगेनं डोकं बाहेर काढलं.

“नाहीतर बर्फ घरात घे, ओकियामा! चहाच्या पाण्याला होईल!”

ओकियामांनी टोपी पुन्हा डोक्यावर ओढली. वळून घराकडे गेले. आम्हाला वाटलं, बिनसलं. पण ते आपला डंपर घेऊन आले, काठोकाठ भरून.

त्या दिवशी पाच घरांचे पाच डंपर चालले. मी सगळ्यांत जुना, पण एकही खेप चुकवली नाही. तोशिमा दांपत्य हातात हात घालून बर्फ तुडवत होतं, जणू लग्नात नाचतायत. ओकियामांनी मात्र एक हट्ट धरला.

“उतार मागच्या शेताकडे काढा. आणि रस्त्याच्या बाजूला छातीएवढा बांध घाला. त्याशिवाय मी एक डंपर टाकणार नाही.”

मिसुझुनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “हे बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. शेताच्या टोकालाही मऊ बर्फाचा एक बांध घातला, म्हणजे घसरणारा त्यात रुतून थांबेल. अंधार पडायच्या आत पायऱ्या कोरल्या, उतारावर झारीनं पाणी शिंपडलं. टेकडी शाळेच्या छपराएवढी नव्हती. पण अध्यक्षांच्या टोपीच्या वर हातभर होती, आणि चेरीला ओरखडासुद्धा नव्हता.

रविवारी सहा मुलं आली, सातवं तापानं अंथरुणात. कोणाकडे प्लास्टिकची घसरगाडी, कोणाकडे खताचं रिकामं पोतं. केन्योशी टेकडीपुढे उभा राहून नुसता बघत होता. “छपराएवढी नाहीये,” तो म्हणाला.

“तुझ्या डोक्याच्या पार वर आहे,” फुकिनो म्हणाली. “बस की!”

शिगे काठी टेकत बाहेर आली होती. तिनं स्वतः माझ्या पोटाला मेणबत्ती घासली. मग फुकिनो माझ्यात बसली आणि आम्ही सुटलो. काय सांगू! डोळ्यांपुढून चेरीचं झाड गेलं, आकाश गेलं आणि आम्ही मऊ बांधात घुसलो. मागून पोरांचा कल्ला. सोयासॉसमध्ये उकळलेले, कोन्याकू नावाच्या कंदाचे गोळे मिसुझु काड्यांना टोचून वाटत होती आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

मग मोठ्यांची पाळी. तोशिमा दांपत्य एकाच पोत्यावर बसून उतरलं. बाई इतक्या किंचाळल्या की शेतातले कावळे उडाले. ओकियामा मात्र एकेक पाऊल मागे सरकत घराकडे निघाले होते.

“अध्यक्षआजोबा!” टेकडीवरून फुकिनो ओरडली. “यात तुमचा बर्फ आहे! बारा डंपर! मी मोजलेत!”

सगळी गल्ली त्यांच्याकडे बघू लागली. कोणीही बूट बघत नव्हतं. ओकियामा वळले आणि पायऱ्या चढू लागले. वर येऊन माझ्यात बसले, गुडघे हनुवटीला लावून.

“हळू ढकला रे,” ते म्हणाले.

सहा पोरांनी आणि फुकिनोनं मिळून ढकललं. हळू हा शब्द त्यांना माहीत नव्हता.

चौऱ्याहत्तर वर्षांचा अध्यक्ष काय वजनाचा असतो ते मला त्या उतारावर कळलं. मी इतका वेगानं कधीच गेलो नव्हतो. बांध आला, आम्ही त्यात शिरलो, आणि माझ्या नळीचे दोन्ही टाके कडकन तुटले. नळी एकीकडे, मी एकीकडे, टोपी तिसरीकडे. ओकियामा बर्फात उताणे.

मिसुझु धावत आली. “अध्यक्ष! लागलं का हो?”

ते आकाशाकडे बघत पडून राहिले.

“काल पाटात,” ते म्हणाले, “ती ढेकळं माझी होती.”

“सगळ्या गल्लीला माहीत आहे,” मिसुझु म्हणाली. “उठा आता.”

ते उठून बसले. भुवयांना बर्फ लागला होता. त्यांनी टेकडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“अजून एकदा बसलं तर चालेल का?”

“रांगेत या,” मिसुझु म्हणाली. “तुमच्यापुढे सात जण आहेत.”

त्या दिवसापासून मी बर्फ उपसत नाही. नळीशिवाय मला ढकलता येत नाही. मिसुझुनं नवा डंपर आणलाय, निळ्या प्लास्टिकचा. कामाला हलका आहे म्हणतात. असू दे. भंगाराच्या दिवशी मला कोपऱ्यावर ठेवावं, असं कोणीतरी सुचवलं होतं. फुकिनोनं माझ्या तुटक्या टाक्यांच्या भोकांतून दोरी ओवली आणि मला ओढत टेकडीवर नेलं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आता मार्च संपत आलाय. दर रविवारी इतर गल्ल्यांतून पोरं येत राहिली, केन्योशी तर न बोलावता येतो. पण अंगणांतून काळी माती दिसू लागलीय, पाट कोरडा पडलाय, सेंदाईला गेलेले बापे परतू लागलेत. टेकडीही खचलीय, मळलीय, रोज वीतभर कमी होतेय. मिसुझु काल म्हणाली, “ओल्यात पडून गंज चढतोय याला, आता आत आणून ठेवते.”

नको. सव्वीस वर्षं बायकांच्या बरोबरीनं बर्फाशी झुंजलोय, मला गंजाची भीती घालू नका. पुढच्या वर्षी पोरं किती असतील, एक की दोन, ते पुढच्या वर्षी बघू. पण बर्फ पडला की आधी टेकडी घाला आणि मग पोरं मोजा. आणि मला आज आत नेऊ नका. वितळतेय ती टेकडी, मी नाही. अजून गुडघाभर उरलीय. या, बसा, पाय आत घ्या.